जगाचा इतिहास वळवणाऱ्या नैसर्गिक घटना : नाव घ्या, पण साखळी दाखवा

मार्कंडेयकाठ (धागाकर्ता)

अशा याद्यांत पहिलं नाव हमखास पॉम्पेईचं असतं. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला आणि शहर राखेखाली गेलं. वाचताना काळीज हलतं, पण रोमन साम्राज्याचं त्याने काय अडलं? सम्राट टायटसच राहिला, सैन्य जागच्या जागी राहिलं, इजिप्तचं धान्य येत होतं ते येत राहिलं. आपत्ती भयंकर होती, तरी इतिहासाला वळण मिळालं नाही.

म्हणून या धाग्यावर एकच अट. घटना कोणती, तिने काय तोडलं, आणि ते तुटल्यामुळे कुणाचा निर्णय बदलला, हे तीन दुवे दाखवा. तिसरा दुवा सापडत नसेल तर ते नाव मागे ठेवा.

माझं नाव १८७६ ते ७८ चा दुष्काळ. प्रशांत महासागरात विषुववृत्तालगत पूर्वेकडचं पाणी तापलं, म्हणजे आज ज्याला एल निनो म्हणतो ते झालं. दख्खनवर १८७६ चा नैर्ऋत्य पाऊस गेला आणि परतीचाही आला नाही. हे दुहेरी जाणं किती घातक ते बेळगाव जिल्ह्यात कुणालाही पटकन कळेल. खानापूरच्या घाटमाथ्यावर हजारो मिलिमीटर पाऊस, आणि अथणी-गोकाकच्या बाजूला पाचसहाशे. त्या पूर्व भागातली मुख्य भाकरी रब्बी जोंधळ्याची. मृग-आर्द्रा कोरडी गेली तर खरीप जातं, तरी माणूस तग धरतो. हस्त-चित्रा गेल्या की जोंधळाही जातो आणि त्याचा कडबाही. कडबा नाही म्हणजे बैल नाहीत. पुढच्या वर्षी पाऊस आला तरी नांगर कशाला जुंपायचा? एका वर्षाचा पाऊस हुकला आणि उपासमार दोन-अडीच वर्षं चालली, ती यामुळे.

आता दुसरा दुवा. दुष्काळी कामांवर देखरेखीला सरकारने पाठवलेले अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ च्या सुरुवातीला दुष्काळी कामावरच्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा, अशी मजुरी ठरवून दिली. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. त्यातून साधारण सोळाशे कॅलरी मिळतात, आणि खडी फोडणाऱ्या माणसाला जवळपास दुप्पट लागतात. रोज तूट, वर छावणीतलं पाणी, मग पटकी (कॉलरा). ब्रिटिश हिंदुस्थानात ५० लाखांच्या वर माणसं गेली, आणि त्याच काळात गहू बंदरांतून विलायतेला जात होता. पाऊस पडला नाही हे आकाशाचं, साडेचारशे ग्रॅम हे माणसांचं. उत्तर चीन आणि ब्राझीलचा ईशान्य भागही त्याच सुमारास होरपळत होता. चीनमध्ये तर बळी याहून जास्त.

तिसरा दुवा सर्वांत भक्कम. १८८० चा दुष्काळ आयोग, त्यावरून १८८३ पासूनची दुष्काळ संहिता. दुष्काळनिवारक मार्ग घालायला १८८२ मध्ये उभी राहिलेली सदर्न मराठा रेल्वे (बेळगाव ज्या मिरज-लोंढा लाईनवर आहे ती तिचीच). पुणे सार्वजनिक सभेने दुष्काळी भागाची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. दुष्काळी मुलूख पायाखाली घातलेले वासुदेव बळवंत फडके १८७९ मध्ये बंड करून उठले आणि जुलैत पकडले गेले ते आपल्या शेजारच्या, तेव्हाच्या कलादगी जिल्ह्यात.

तुमची नावं येऊ द्या.

दगडमाती

पॉम्पेईबद्दल सहमत. माझं मत तांबोराला.

इंडोनेशियातलं सुंबावा बेट, १० एप्रिल १८१५. डोंगर अंदाजे ४,३०० मीटर उंच होता, स्फोटानंतर २,८५० च्या आसपास उरला. दूरदूरच्या देशांवर जे संकट आलं ते राखेचं नव्हतं. राख काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत खाली बसते. काम केलं गंधकाने. सुमारे ६ कोटी टन सल्फर डायऑक्साइड पावसाच्या ढगांच्याही वर, स्थितांबरात गेला. तिथे पाऊस नसल्यामुळे तो धुऊन निघत नाही. त्याचे गंधकाम्लाचे अतिसूक्ष्म थेंब झाले आणि दोन-तीन वर्षं ऊन परतवत राहिले. १८१६ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या न्यू इंग्लंडमध्ये बर्फ पडला, स्वित्झर्लंड आणि दक्षिण जर्मनीत पिकं शेतात कुजली, पावासाठी दंगली झाल्या.

हे कळतं कशावरून, ते थोडं सविस्तर लिहितो, कारण या विषयात पुराव्याची पद्धत माहीत नसली की माणूस काहीही मान्य करतो. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकात दरवर्षी बर्फाचा एक थर बसतो. पोकळ नळीसारख्या यंत्राने बर्फाचा दंडगोल काढायचा, थर मोजायचे, टप्प्याटप्प्याने वितळवून त्यातलं सल्फेट तपासायचं. दोन्ही ध्रुवांवर एकाच सुमाराला सल्फेट चढलं असेल तर ज्वालामुखी बहुधा विषुववृत्ताच्या पट्ट्यातला. फक्त ग्रीनलंडमध्ये चढलं असेल तर उत्तरेकडचा. चूक होते ती खोलवर. तिथे थर दाबले जातात आणि मोजणी काही वर्षांनी सरकते. सहाव्या शतकाबाबत हेच झालं होतं. मोजणी दुरुस्त केल्यावर ५३६ आणि ५४० चे थर झाडांच्या खोडातल्या वलयांशी जुळले, आणि सूर्य वर्षभर चंद्रासारखा निस्तेज होता ही त्या काळच्या इतिहासकार प्रोकोपियसची नोंद जागेवर बसली. त्या थंडीनंतर लगेच, ५४१ मध्ये, पूर्व रोमन सम्राट जस्टिनियनच्या साम्राज्यात प्लेग आला.

आणखी एक उदाहरण. तेराव्या शतकातला एक प्रचंड सल्फेटचा उंचवटा कित्येक वर्षं बिनमालकाचा होता. तो १२५७ सालच्या, लोंबोक बेटावरच्या सामालास ज्वालामुखीचा, हे २०१३ मध्ये जुळलं.

निपाणीचे गुरुजी

दगडमाती, तांबोराची माहिती उत्तम, पण धागाकर्त्यांची तिसरी कडी कुठे आहे? ती जोडायला लोक १८१७ ची पटकी पुढे करतात. मांडणी अशी : तांबोरामुळे १८१६ चा मान्सून बिघडला, बंगालच्या खाडीलगतच्या मचूळ पाण्याचा खारटपणा आणि तापमान बदललं, पटकीचा जंतू त्याच पाण्यात सूक्ष्म जलजीवांना चिकटून राहतो, म्हणून तो उसळला. ऑगस्ट १८१७ मध्ये जेसोरला साथ सुरू झाली आणि पुढे साऱ्या जगात गेली.

यात शेवटचं वाक्य पक्कं आहे. मधला जोड अजून वादात आहे. जंतू त्या पाण्यात आधीपासूनच होता आणि बंगालात साथी आधीही येत होत्या. १८१७ नंतर नवीन काय घडलं? पलटणी, बाजारबुणगे, जहाजं पूर्वी कधी नव्हती इतकी फिरू लागली. साथ कुठून कुठे गेली त्याचा नकाशा काढला तर तो लष्करी वाटांवर आणि बंदरांवर बसतो.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं पुढे आहे. नोव्हेंबर १८१७ मध्ये गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जची फौज बुंदेलखंडात सिंध नदीकाठी होती, तेव्हा पटकीने छावणीत हजारो माणसं नेली. शिपाई कमी, नोकरचाकर जास्त. त्याच महिन्याच्या ५ तारखेला खडकीची लढाई झाली होती. म्हणजे इंग्रजांच्या मुख्य फौजेवर संकट ऐन युद्धात कोसळलं. तरीही पेशवाई वाचली नाही, आणि इंग्रज सेनानी मन्रोच्या वेढ्यानंतर एप्रिल १८१८ मध्ये बेळगावचा किल्लाही गेला. कारण इंग्रजांच्या फौजा एका जागी नव्हत्या. दख्खनमध्ये वेगळी, मद्रासकडून वेगळी, गुजरातेतून वेगळी. एका छावणीला साथीने झोडपलं तरी बाकीच्या चालत राहिल्या. इतका मोठा घाव बसूनही निकाल फिरला नाही, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला तरी दुसरं ठाऊक नाही.

दगडमाती

गुरुजी, मान्य. साथीचा दुवा मी मागे घेतो. युरोपातली १८१६-१७ ची अन्नटंचाई आणि तिथून अमेरिकेकडे वाढलेलं स्थलांतर एवढंच तांबोराच्या खात्यावर ठेवूया.

चोर्ला_घाट

लिस्बन, १ नोव्हेंबर १७५५. याचा धागा थेट चोर्ला घाटाखाली गोव्यात उतरतो आणि आपल्याकडे त्यावर फार कमी लिहिलं जातं.

सर्व संतांचा दिवस, सकाळी साडेनऊ-पावणेदहाची वेळ, चर्च माणसांनी भरलेले, मेणबत्त्या पेटलेल्या. भूकंपाची तीव्रता आजच्या अंदाजाने साडेआठ ते नऊ. धक्क्यांतून वाचलेले लोक इमारतींपासून लांब म्हणून नदीकाठच्या मोकळ्या धक्क्यावर जमले आणि साधारण चाळीस मिनिटांनी त्सुनामी तिथेच आली. मेणबत्त्यांची आणि चुलींची आग पुढे पाच-सहा दिवस जळत होती. राजा जुझे पहिला इतका हादरला की पुढे पक्क्या दगडी छताखाली राहायला तयार नव्हता. कारभार गेला मंत्री कार्व्हाल्यु यांच्या हाती, म्हणजे पुढचे मार्केस द पोंबाल.

पोंबाल यांनी दोन कामं केली, दोन्ही पहिल्यांदाच. एक, प्रत्येक परगण्यातल्या चर्चला प्रश्नावली पाठवली : धक्का किती वेळ टिकला, कुठल्या दिशेने जास्त जाणवला, समुद्र आधी चढला की उतरला, विहिरींचं पाणी बदललं का, मेले किती. दोन, नवी घरं बांधताना भिंतीच्या आत लाकडी सांगाडा बसवण्याचा नियम केला. उभे-आडवे वासे आणि त्यांत फुलीसारखे तिरके, सांध्यांत खाचा, आणि मोकळ्या जागेत दगड-विटांचा भराव. भूकंपात भराव निखळला तरी सांगाडा माळवदाला धरून ठेवतो.

आता तिसरा दुवा. हाती आलेल्या सत्तेच्या जोरावर त्यांनी १७५९ मध्ये जेझुइटांना (कॅथलिक पाद्र्यांचा एक बलाढ्य संघ) पोर्तुगाल आणि वसाहतींतून हाकललं. गोव्यातलेही त्यातच गेले. १७६१ मध्ये पूर्वेकडच्या ख्रिस्ती रयतेला जन्माने पोर्तुगीज असलेल्यांच्या बरोबरीचे हक्क कागदावर मिळाले. १७७४ मध्ये गोव्याचं इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणारं चर्चचं न्यायालय, बंद झालं. ते १७७८ मध्ये पुन्हा सुरू झालं, कारण आदल्याच वर्षी राजा वारला आणि पोंबाल यांची सत्ता गेली. कायमचं बंद झालं १८१२ मध्ये.

खानापूरच्या आक्का

जेझुइटांना घालवण्याचं तात्कालिक कारण १७५८ चा राजावरचा प्राणघातक हल्ला आणि त्यावरून सरदार ताव्होरा घराण्यावर चाललेला खटला होतं ना? भूकंपाला सगळं श्रेय द्यायला नको.

चोर्ला_घाट

बरोबर आहे आक्का. भूकंपाने त्यांना अधिकार दिला, हल्ल्याने निमित्त दिलं. पण भूकंप हा देवाचा कोप आहे असं सांगत फिरणारे जेझुइट पाद्री मालाग्रिडा आणि पोंबाल यांचं वैर मात्र सरळ त्या ढिगाऱ्यातून सुरू झालं. मालाग्रिडांना १७६१ मध्ये देहदंड झाला.

सांबरा_रोड

एक साधा प्रश्न. किल्लारी ६.२ ची, लिस्बन साडेआठची धरली, तर फरक किती? आणि त्या लाकडी सांगाड्यासारखं आपल्या दगडी घरांत काय करता येतं?

दगडमाती

तीव्रतेत एका अंकाचा फरक म्हणजे ऊर्जेत साधारण ३२ पट. ६.२ ते ८.५ म्हणजे जवळपास २,८०० पट. तरी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी भागात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, कारण घरं. दीड-दोन फुटी भिंत बाहेरून दगडाचे दोन पदर आणि मध्ये माती-कपची अशी भरलेली असते. हादरा बसला की दोन्ही पदर एकमेकांपासून फुगून सुटतात, आणि वर मातीचं जड माळवद असतं ते सरळ खाली येतं.

उपाय महाग नाही. भिंतीच्या पूर्ण जाडीतून आरपार जाणारे जोडदगड घालायचे, उंचीत दर दोन फुटांनी आणि आडवे दर चार फुटांनी. एवढा लांब दगड मिळत नसेल तर सळई घालून काँक्रीटचा ठोकळा ओतून तो बसवतात. दाराच्या चौकटीच्या माथ्यावर सळईचा सलग काँक्रीट पट्टा, चारही भिंतींवरून न तुटता फिरवलेला. लोक चुकतात ते कोपऱ्यावर : सळई तिथेच संपवतात. ती वळवून दुसऱ्या भिंतीत पुरेशी आत न्यायला हवी, नाहीतर पट्टा कोपऱ्यातच उघडतो. माळवदावर दरवर्षी चढवलेला मातीचा थरही खरवडून कमी करावा.

बटाटा_पट्टा

भूकंप-ज्वालामुखी झाले, मी बुरशीसारख्या एका सूक्ष्मजीवाचं नाव देतो. बटाट्याचा उशिरा येणारा करपा, आयर्लंड, १८४५. बेळगाव तालुक्यात खरिपात बटाटा लावणाऱ्यांना हा रोग नवा नाही.

आयर्लंडच्या गरिबांचं जवळजवळ सगळं अन्न म्हणजे बटाटा, आणि त्यातही बहुतेक लंपर नावाची एकच जात. कंदाचे तुकडे करूनच लावण होते, म्हणजे साऱ्या देशात जणू एकाच झाडाची रोपं. एकाला रोग लागतो तो सगळ्यांना लागतो. १८४५ ला काही भाग गेला, १८४६ ला जवळपास सगळंच पीक. १८४१ च्या शिरगणतीत सुमारे ८२ लाख असलेली लोकसंख्या १८५१ ला ६५ लाखांवर आली. दहा लाखांच्या आसपास मेले, तितकेच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेले, बरेचसे अमेरिकेत. इंग्लंडने धान्यावरचा संरक्षक कर १८४६ मध्ये काढला, आणि आयरिश लोकांचं इंग्लंडशी तुटलं ते पुढच्या शतकात स्वातंत्र्याच्या लढ्यापर्यंत गेलं. तिन्ही दुवे हजर.

रोग इतका झपाट्याने का पसरतो ते पानावर दिसतं. सकाळी दव असताना पान उलटून बघायचं. पाण्यात भिजल्यासारखा गडद डाग, आणि त्याच्या कडेला पांढरट, बारीक लव. ती लव म्हणजे बीजाणू. ऊन चढलं की ती दिसेनाशी होते आणि माणूस फसतो. गारवा, ढगाळ हवा, दहा-बारा तास ओलं राहणारं पान एवढं जमलं की आठ-दहा दिवसांत शेत काळं पडतं. बीजाणू पावसाने मातीत झिरपून कंदापर्यंत जातात, म्हणून भर चांगली लावायची आणि काढणीच्या आधी दहा-पंधरा दिवस पाला कापून शेताबाहेर न्यायचा. हिरव्या पाल्यात काढणी केली की निरोगी दिसणारा बटाटा पोत्यात सडतो. आयर्लंडमध्येही नेमकं हेच झालं : खड्ड्यात साठवलेला बरा बटाटा काही आठवड्यांत चिखल होऊन निघाला.

त्या वेळी औषध नव्हतं. बोर्डो मिश्रण फ्रान्समध्ये १८८५ च्या सुमारास, तेही द्राक्षाच्या केवड्यासाठी आलं. चाळीस वर्षं उशीर.

काळी_माती_अथणी

बोर्डोचं प्रमाण इथे लिहून ठेवाल का? द्राक्षवाल्यांतही अजून ओतण्याचा क्रम चुकतो.

बटाटा_पट्टा

एक टक्क्यासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चांगला कळीचा चुना, १०० लिटर पाणी. मोरचूद फडक्यात बांधून प्लॅस्टिकच्या भांड्यात ५० लिटर पाण्यात रात्रभर टांगून ठेवायचा. लोखंडी किंवा जस्ताचं भांडं चालत नाही. चुना थोड्या पाण्यात विझवून, गार झाल्यावर गाळून ५० लिटर करायचा. मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओतत ढवळायचं. एकट्यालाच करायचं असेल तर मोरचूद चुन्यात ओतायचा, चुना मोरचुदात नाही. उलटं केलं की कण जाड होतात, नोझल तुंबतं आणि फवारा पानाला चिकटत नाही.

तपासणी : घासून चकचकीत केलेला खिळा द्रावणात मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर आम्ल जास्त आहे, पान जळेल. थोडी चुन्याची निवळी घालून पुन्हा बघा. त्याच दिवशी फवारायचं, उरलेलं उद्यासाठी ठेवायचं नाही. पावसाच्या आधी पानावर असेल तरच उपयोग, रोग आत शिरल्यावर नाही. बटाट्यात आता त्याजागी मॅन्कोझेब, लिटरला २ ते अडीच ग्रॅम, तेही ढगाळ हवा सुरू होताच.

सांबरा_रोड

माझं नाव भोला चक्रीवादळ, १२ नोव्हेंबर १९७०. तेव्हाचं पूर्व पाकिस्तान. तिथे समुद्रतळ उथळ, किनारा नरसाळ्यासारखा निमुळता होत मेघना नदीच्या मुखाशी येतो. वाऱ्याने ढकललेलं पाणी पसरायला जागा नाही, म्हणून ते उंच चढतं. त्यात ते भरतीच्या वेळेला आलं, रात्री, आणि सपाट बेटांवर चढायला उंच जागाच नव्हती. तीन ते पाच लाख माणसं गेली. मदत पाठवण्यात पश्चिमेकडच्या लष्करी सरकारने केलेली हयगय लोकांनी डोळ्यांनी पाहिली. पुढच्याच महिन्यात, ७ डिसेंबरला निवडणूक. पूर्वेतल्या १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० अवामी लीगला. निकाल न मानल्याने मार्च १९७१ मध्ये स्वातंत्र्ययुद्ध पेटलं, आणि डिसेंबरात बांगलादेश. बेळगावला केंद्र असलेल्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण त्या युद्धात जमालपूरला लढली.

निपाणीचे गुरुजी

भाषेचा लढा १९५२ चा, पूर्वेच्या स्वायत्ततेची सहा कलमी मागणी १९६६ ची. लीग जिंकणारच होती. पण १६० जागा हा आकडा वादळाशिवाय कठीण होता, आणि तोच आकडा सबंध पाकिस्तानात बहुमत देत होता, म्हणून इस्लामाबादला तो गिळता आला नाही. हे नाव मी ठेवतो.

काळी_माती_अथणी

धागाकर्त्यांच्या १८७६ ला एक जोड. १८९९ च्या दुष्काळाचा अंदाज साफ चुकल्यानंतर काही वर्षांनी, १९०४ मध्ये, गिल्बर्ट वॉकर हवामान खात्याचे प्रमुख झाले. त्यांनी जगभरच्या हवेच्या दाबाच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि प्रशांत व हिंदी महासागरांतला दाब तराजूच्या पारड्यांसारखा वर-खाली होतो हे दाखवलं. समुद्राच्या तापण्याशी त्याचा संबंध हवामानशास्त्रज्ञ ब्येर्कनेस यांनी १९६९ मध्ये जोडला. म्हणजे आज टीव्हीवर एल निनो म्हणून जे सांगतात, त्याची निम्मी मुळं आपल्याच दुष्काळांत आहेत.

पण एल निनो म्हणजे दुष्काळ असं धरून पेरणी ठरवू नका. १९९७ चा एल निनो विसाव्या शतकातल्या सर्वांत जोरदारांपैकी, तरी देशाचा मान्सून सरासरीइतका झाला, कारण हिंदी महासागराचा पश्चिम भाग त्या वर्षी तापला होता आणि त्याने बाष्प पुरवलं. म्हणून दोन्ही समुद्रांचे आकडे बघायचे. आणि आमच्या पूर्व भागात जूनपेक्षा सप्टेंबरचा अंदाज जास्त मोलाचा. जोंधळ्याला पेरणीच्या वेळी काळ्या रानात दोन-अडीच फूट ओल असली तर वरून एकही सर न येता तो दाणा भरतो. लोखंडी सळई दाबून बघा, ओल्या मातीत ती सरळ जाते, कोरड्या थराला लागली की अडते.

मार्कंडेयकाठ (धागाकर्ता)

१८७६ च्या हिवाळ्यात ती सळई अथणी-गोकाककडे वीतभरही गेली नसती. आयर्लंड, भोला आणि लिस्बन यादीत घेतले. तांबोरा साथीशिवाय. १७८३ च्या आइसलंडमधल्या लाकी उद्रेकावर कुणी लिहिणार असेल तर नाईल नदीचा त्या वर्षीचा कमी पूर आणि उत्तर हिंदुस्थानातला चालिसा दुष्काळ हे दोन्ही दुवे तपासून लिहा. दुसऱ्याबाबत त्याच सुमारच्या एल निनोचाही दावा आहे.